भिंतीतली जुनी जोडी

अमेरिकेत १९८० किंवा १९९० च्या दशकात बांधलेल्या घरातली टेलिफोनची सॉकेट मोजायला घेतली, तर आकडा सहज पाच-सहापर्यंत जातो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक, दिवाणखान्यात एक, प्रत्येक बेडरूममध्ये एक, तळघरात एक. खोलीखोलीत फोन असणं हे तेव्हा सुबत्तेचं लक्षण होतं. आज त्यांतल्या बहुतेक सॉकेटना काहीच जोडलेलं नाही. मोबाइल आले, घरची लाइन बंद झाली, भिंती रंगवताना रंगाऱ्याने सॉकेटवरूनही ब्रश फिरवला. मागची तांब्याची तार मात्र जिथल्या तिथे आहे.

याच घरांत वरच्या मजल्यावर बसून ऑफिसची मीटिंग करणारा माणूस वैतागलेला असतो. चित्र गोठतं, आवाज तुटतो, फाइल अर्ध्यावर अडकते. राउटर खाली, खोली वर, आणि मधे दोन-तीन भिंती व वातानुकूलनाचे पत्र्याचे डक्ट. तो दुकानातून आणखी एक वाय-फाय यंत्र आणतो, मग आणखी एक. राउटरच्या खोलीपर्यंत जाणारी तार आपल्या खुर्चीपासून हातभर अंतरावर भिंतीत आधीच आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात अशी घरं विकत घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या भिंतींतही हीच तार आहे.

ती कॉम्प्युटरच्या नेटवर्कसाठी वापरता येते का? सरसकट उत्तर देता येत नाही. भिंतीत कोणत्या जातीची तार आहे आणि ती घरभर कशी फिरवली आहे, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. त्यामुळे कुठलंही यंत्र विकत घेण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सॉकेटची पट्टी उघडणं हे पहिलं काम. त्याला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही.

पट्टी उघडल्यावर लाल, हिरवी, काळी आणि पिवळी अशा चार तारा दिसल्या, तर ती जुन्या वळणाची टेलिफोनची तार. लाल-हिरव्या जोडीवर घरची पहिली लाइन, काळ्या-पिवळ्या जोडीवर दुसरी, असा तिचा रिवाज. दुसरी लाइन फार थोड्या घरांत असायची, त्यामुळे काळी-पिवळी जोडी बहुधा आयुष्यभर रिकामी राहिली. या तारेत जोड्यांना स्वतंत्र पीळ नसतो आणि नेटवर्कच्या दृष्टीने तिचं खरं दुखणं तेच आहे.

निळी आणि निळ्या पट्ट्यांची पांढरी, नारिंगी आणि नारिंगी पट्ट्यांची पांढरी, तशाच हिरव्या आणि तपकिरी जोड्या दिसल्या, तर मात्र घरमालकाने खूश व्हावं. ही पीळ दिलेल्या जोड्यांची केबल. मग तिच्या वरच्या आवरणावर काय छापलं आहे ते टॉर्चच्या उजेडात वाचायचं. ‘कॅट ३’ असेल तर मर्यादित उपयोग. ‘कॅट ५’ किंवा ‘कॅट ५ई’ असेल, तर त्या घरात संपूर्ण गिगाबिट नेटवर्कची केबल टेलिफोनच्या नावाखाली पडून आहे. आणि हे दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००० साली नियम केला, की घरात नव्याने टाकायची टेलिफोनची तार किमान कॅटेगरी ३ ची असावी. त्या सुमारास अनेक बांधकाम व्यावसायिकांनी एक पाऊल पुढे जाऊन फोनसाठीही थेट कॅट ५ किंवा ५ई टाकायला सुरुवात केली, कारण किमतीत फारसा फरक उरला नव्हता. चार जोड्यांपैकी फोनसाठी एकच जोडली गेली. उरलेल्या तीन जोड्या आवरणाभोवती गुंडाळून पट्टीमागे कोंबल्या.

पिळाचं महत्त्व एवढं का, हे समजून घेण्यासारखं आहे. दोन तारा शेजारी शेजारी सरळ गेल्या, की जवळच्या विजेच्या वायरचा, ट्यूबलाइटचा, दुसऱ्या फोनचा परिणाम त्यांच्यावर कमी-जास्त होतो. जी तार त्रासाच्या जवळ, तिच्यावर जास्त. पीळ दिला की दोन्ही तारा आळीपाळीने जवळ-दूर होत राहतात आणि दोघींवर जवळजवळ सारखाच परिणाम होतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं; दोघींत सारखं शिरलेलं बाहेरचं गोंगाटाचं ओझं वजाबाकीत निघून जातं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला या कल्पनेचं पेटंट १८८१ साली मिळालं. टेलिफोन जन्माला येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि आज डेटा सेंटरमधली तांब्याची केबलही याच तत्त्वावर चालते. कॅट ३ मध्ये पीळ सैल, कॅट ५ मध्ये घट्ट. कॅट ३ ला १६ मेगाहर्ट्झपर्यंतचं काम नेमून दिलेलं, कॅट ५ ला १०० मेगाहर्ट्झपर्यंतचं. माणसाच्या बोलण्यासाठी टेलिफोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वापरतो. म्हणजे फोनच्या कामाला अगदी साधी तारही तिच्या ताकदीच्या मानाने रिकामीच बसून होती.

ही रिकामी ताकद पहिल्यांदा वापरली गेली ती ऑफिसांत. इथरनेटची कल्पना बॉब मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मांडली, तेव्हा ती जाड कोअॅक्स केबलवर होती. ती केबल महाग, अवजड, वळवायला कठीण. एका जागी सांधा बिघडला की सगळ्या मजल्याचं नेटवर्क बसायचं. दुसरीकडे ऑफिसच्या इमारतींत प्रत्येक टेबलापर्यंत टेलिफोनच्या दोन-तीन जोड्या पोचलेल्या होत्या, त्यांतली एक वापरात आणि बाकीच्या मोकळ्या. एटी अँड टी कंपनीने १९८० च्या दशकात ‘स्टारलॅन’ आणलं ते नेमकं या मोकळ्या जोड्यांवर. वेग सेकंदाला एक मेगाबिट. १९९० साली ‘टेन बेस टी’ हे मानक ठरलं आणि त्याच जातीच्या तारेवर १०० मीटरपर्यंत १० मेगाबिट मिळू लागले. आज जगभर ज्याला लोक सरळ ‘लॅन केबल’ म्हणतात, तिचा वंश असा टेलिफोनच्या घराण्यातला आहे.

त्याची खूण लॅनच्या सॉकेटमध्ये आजही दिसते. सॉकेटमध्ये आठ पिना असतात. टेन बेस टी च्या रचनेत १ आणि २ ही एक जोडी आणि ३ आणि ६ ही दुसरी. सरळ ३-४ घ्यायचं सोडून मधल्या ४ आणि ५ या पिना ओलांडून ३ आणि ६ का घेतल्या, असा प्रश्न केबलचं टोक पहिल्यांदाच दाबणाऱ्या प्रत्येकाला पडतो. टेलिफोनच्या रिवाजात पहिली लाइन सॉकेटच्या अगदी मधल्या दोन पिनांवर असते. म्हणून मधली जोडी फोनसाठी राखून ठेवली. फोनची अरुंद पिनही या रुंद सॉकेटात बसते आणि तिचे मधले दोन संपर्क बरोबर ४ आणि ५ वर टेकतात. एकाच केबलमधून फोन आणि नेटवर्क दोन्ही नेता यावेत, आणि कुणी चुकून फोनची लाइन नेटवर्कच्या सॉकेटात खुपसली तरी तिचा दाब नेटवर्कच्या पिनांवर येऊ नये, इतका विचार त्या मांडणीत आहे. पुढे १९९९ साली तांब्यावरचं गिगाबिट इथरनेट आलं. त्याने चारही जोड्या, म्हणजे आठही पिना, दोन्ही दिशांनी एकाच वेळी कामाला जुंपल्या आणि फोनची ती राखीव जागा संपली. घरातल्या जुन्या केबलचं नेटवर्क करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो: आठांपैकी एक तार जरी सांध्यात सुटली, तरी जोडणी बहुतेक वेळा गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर उतरते. राउटरवरचा दिवा लागलेला असतो, इंटरनेट चालू असतं, आणि वेग का मिळत नाही ते घरच्यांना कळत नाही.

घरातल्या चौरंगी, बिनपिळाच्या तारेवरही नेटवर्क चालवून दाखवणारे लोक होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अॅपलच्या मॅकिंटॉश संगणकांना एकमेकांशी आणि लेझर प्रिंटरशी जोडण्यासाठी ‘लोकलटॉक’ नावाची पद्धत होती. तिला अॅपलची स्वतःची महागडी केबल लागायची. रीस जोन्स यांच्या फॅरालॉन कंपनीने ‘फोननेट’ नावाचं छोटं कनेक्टर काढलं. एका बाजूला मॅकिंटॉश आणि दुसऱ्या बाजूला घराघरांत मिळणारी टेलिफोनची साधी वायर. नेटवर्क वापरायचं काळी-पिवळी जोडी, लाल-हिरवी जोडी फोनसाठी तशीच मोकळी. वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एक रेझिस्टर लावायचा, म्हणजे सिग्नल टोकावर आपटून परत फिरत नाही. वेग सेकंदाला २३०.४ किलोबिट. आज तो हास्यास्पद वाटेल, पण दहा मॅकिंटॉशना एका लेझर प्रिंटरवर छापता यावं एवढंच काम होतं आणि ते झकास व्हायचं. शाळा, छोटी वर्तमानपत्रं, छपाईची ऑफिसं यांनी ते उचलून धरलं. आपल्याकडे असलेल्या वस्तूतून काम भागवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण या क्षेत्रात दुसरं क्वचितच सापडेल.

मग १९९८ चा जून आला. इंटेल, आयबीएम, कॉम्पॅक, हेवलेट-पॅकार्ड, थ्रीकॉम, ल्यूसंट अशा बड्या कंपन्यांनी मिळून घरातल्या टेलिफोनच्या तारेवर नेटवर्क उभं करण्यासाठी एक संघटना काढली. तिचं आटोपशीर नाव ‘होमपीएनए’. अमेरिकन घरांत तेव्हा दुसरा संगणक येऊ लागला होता आणि इंटरनेटची जोडणी एकच होती. भिंती फोडून नवी केबल टाकायला कोण तयार होणार? सॉकेट मात्र प्रत्येक खोलीत तयार होतं.

इथली अभियांत्रिकी मनापासून दाद द्यावी अशी आहे. या मंडळींनी मोकळी दुसरी जोडी मागितली नाही. जिच्यावर फोन चालू आहे, त्याच लाल-हिरव्या जोडीवर त्यांनी नेटवर्क चालवलं. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली. टेलिफोन कंपनीकडून येणारं एडीएसएल इंटरनेट साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत. आणि घरातलं नेटवर्क त्याच्याही वर, ४ ते १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तीन कामं, एक जोडी, आणि कुणाचा कुणाला अडथळा नाही. आई स्वयंपाकघरातल्या फोनवर बोलते आहे, मुलगा वरच्या खोलीतून इंटरनेटवर आहे, वडील तळघरातल्या संगणकावरून मुलाच्या खोलीतल्या प्रिंटरवर छापत आहेत, आणि हे सगळं त्याच दोन तारांवर. पहिल्या आवृत्तीचा वेग १ मेगाबिट, दुसरीचा १०. इंटेलने १९९९ साली ‘एनीपॉइंट’ या नावाने घरगुती वापराचं यंत्र बाजारात आणलं. नामांकित कंपन्यांचे संगणकही होमपीएनएचं कार्ड बसवून विकले जाऊ लागले.

यात सर्वांत अवघड भाग वेगाचा नव्हता. घरातली फोनची तार कुणी नेटवर्कचा विचार करून टाकलेली नसते. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, मधेच फाटा फुटतो, एखादा फाटा कपाटामागे बंद पडलेल्या सॉकेटपाशी नुसताच संपतो. अशा प्रत्येक मोकळ्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि मूळ सिग्नलवर आदळतो. कुणी फोन उचलला किंवा ठेवला की तारेची विद्युत वागणूकच बदलते. दर घराचं भेंडोळं निराळं. या गोंधळातून वाट काढत, क्षणाक्षणाला तारेचा अंदाज घेत डेटा पोचवणारी चिप बनवणं हे त्या लोकांचं खरं यश होतं.

तरीही होमपीएनए घरांतून मागे पडलं. १९९९ सालीच ११ मेगाबिटचं वाय-फाय मानक ठरलं, अॅपलने त्याच वर्षी ‘एअरपोर्ट’ आणलं, आणि लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसायची सोय तारेला कधीच देता येणार नव्हती. तंत्रज्ञान हरलं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्याची तिसरी पिढी एटी अँड टी च्या ‘यूव्हर्स’ या टीव्ही सेवेत २००६ पासून लाखो घरांत होती. तिथे ती बहुतांशी टीव्हीच्या कोअॅक्स केबलवर चालायची आणि टीव्ही बघणाऱ्याला तिचं नावही ठाऊक नसायचं. पुढे टेलिफोनची तार, कोअॅक्स आणि विजेची वायर अशा तिन्हींवर चालणारं ‘जी डॉट एचएन’ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं, आणि २०१३ साली होमपीएनएची संघटना त्या मानकाच्या संघटनेत विलीन झाली. आज चौरंगी जुनी तारच नशिबी असेल, तर जी डॉट एचएन ची दोन यंत्रं घ्यायची, एक या सॉकेटला आणि एक त्या सॉकेटला लावायचं, की चांगल्या तारेवर शेकडो मेगाबिटही मिळू शकतात. वाईट तारेवर कमी. पण वरच्या मजल्यावरची मीटिंग सुरळीत होण्याइतका वेग बहुतेक मिळतो आणि भिंतीला छिद्र पडत नाही.

ज्यांच्या भिंतीत कॅट ५ई निघाली, त्यांना या यंत्रांचीही गरज नाही. त्यांनी फक्त टोकं बदलायची.

इथे दुसरा प्रश्न पुढे येतो: तार कशी फिरवली आहे. काही घरांत प्रत्येक सॉकेटची केबल थेट एका मध्यवर्ती जागी येते. कपाटातला एक डबा, तळघराची भिंत, किंवा घराबाहेर बसवलेली करड्या रंगाची पेटी. तिथे सगळ्या निळ्या जोड्या एकत्र पिरगळून फोन कंपनीच्या लाइनला जोडलेल्या असतात. ही रचना नेटवर्कला अगदी सोयीची. गाठी सोडायच्या, प्रत्येक केबलच्या आठही तारा नव्या सॉकेटमध्ये पंच-डाउन टूलने बसवायच्या, आणि मधे नेटवर्कचा एक स्विच, म्हणजे अनेक केबल एकत्र जोडणारं यंत्र, ठेवायचा. पंच-डाउन टूल एका झटक्यात तार दातांमध्ये दाबतं आणि जादाचं टोक कापतं. दोन गोष्टी पाळायच्या. जोड्यांचा पीळ अगदी सॉकेटच्या दातांपर्यंत शाबूत ठेवायचा, नीटनेटकं दिसावं म्हणून दोन-तीन इंच उलगडायचा नाही. आणि दोन्ही टोकांना रंगांची एकच पद्धत ठेवायची. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन प्रचलित पद्धती आहेत, त्यांतली कुठलीही चालते, मिसळलेली चालत नाही.

मध्यवर्ती पेटी घराबाहेर असेल तर स्विच पावसात ठेवता येत नाही. तेव्हा साधा उपाय असा, की राउटरच्या खोलीची केबल आणि कामाच्या खोलीची केबल त्या पेटीत तारेला तार जोडून सलग करायची. दोन खोल्या थेट जोडल्या गेल्या, पेटीत विजेची गरज नाही. कित्येक घरांची गरज एवढ्यावर भागते.

बाकीच्या घरांत केबल लोकलसारखी असते: एका सॉकेटपासून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. प्रत्येक पट्टीमागे दोन केबल दिसतात, एक येणारी आणि एक जाणारी. फोनला हे चालतं, इथरनेटला चालत नाही. त्याला प्रत्येक केबलच्या दोन टोकांना दोनच यंत्रं हवी असतात. अनेक जण या टप्प्यावर नाद सोडतात. सोडायची गरज नाही. दोन्ही केबलना स्वतंत्र सॉकेट बसवायचं आणि त्या खोलीत पाच पोर्टांचा एक छोटा स्विच ठेवायचा. येणारी केबल एका पोर्टात, जाणारी दुसऱ्यात, आणि उरलेल्या तिनांत त्या खोलीतला संगणक, टीव्ही, किंवा वाय-फायचं केंद्र. मग प्रत्येक तुकडा आपापला स्वतंत्र दुवा होतो. ज्या खोलीत काहीच लावायचं नाही, तिथे दोन्ही केबल एकमेकींना सरळ जोडून टाकायच्या. वाय-फायला विरोध करायचं यात काही नाही; उलट वरच्या मजल्यावर वाय-फायचं केंद्र तारेवर बसवलं, की तेच वाय-फाय झटक्यात सुधारतं.

हात घालण्याआधी एक काम टाळता येत नाही, ते म्हणजे फोन कंपनीची लाइन घरापासून तोडणं. फोनच्या जोडीवर फोन वापरात नसताना ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटी वाजताना ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात. त्याचा झटका बसतो आणि नेटवर्कचं यंत्र जळू शकतं. लाइन बंद केली असं कंपनीने सांगितलं, तरी तारेवर दाब शिल्लक असू शकतो, म्हणून मीटर लावून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. अमेरिकेत १९८० च्या दशकात बेल कंपनीची मक्तेदारी मोडली आणि घराच्या आतली तार घरमालकाच्या अखत्यारीत आली. बाहेरच्या करड्या पेटीत कंपनीचा कप्पा वेगळा आणि ग्राहकाचा वेगळा असतो. ग्राहकाच्या कप्प्यातला प्लग काढला की घर सुटं होतं. घरात चोरीच्या अलार्मची यंत्रणा असेल तर ती याच तारेवरून मदत मागत नाही ना, हे आधी तपासावं. वयस्क व्यक्तीसाठी बसवलेलं आपत्कालीन बटण असेल तर दोनदा तपासावं.

कॅट ३ निघाली तर? १० मेगाबिट हक्काचे. घरातल्या थोड्या अंतरावर १०० मेगाबिट चालल्याचा अनुभव बरेच जण घेतात, पण मानक तशी हमी देत नाही, आणि शेजारून विजेची वायर गेली असेल तर चुका वाढतात. करून पाहायला हरकत नाही. भरवशाचं काम असेल तर जी डॉट एचएन बरं.

महाराष्ट्रातल्या घरांत चित्र निराळं आहे. आपल्याकडे फोनच मुळात वर्षानुवर्षं नंबर लावून यायचा आणि यायचा तो एक. डीपीपासून, म्हणजे बाहेरच्या वाटप पेटीपासून, एक जोडी घरात, ती भिंतीवरच्या रोझेटवर, रोझेटवरून फोनवर. खोलीखोलीत सॉकेट असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे जुन्या तारेचा पुनर्वापर आपल्याकडे घराच्या आत झाला नाही, घराबाहेरच्या तारेचा झाला. मुंबईत एमटीएनएल आणि राज्यभर बीएसएनएल यांनी २००५ पासून एडीएसएल ब्रॉडबँड दिलं ते त्याच एका जोडीवर. रोझेटपाशी एक छोटा स्प्लिटर लागला, एक वायर फोनला आणि एक मॉडेमला. या तंत्रामागे बेलकोर या टेलिफोन संशोधन कंपनीचे जोसेफ लेखलायडर आणि स्टॅनफर्डचे जॉन चॉफी यांचं काम होतं. चॉफींच्या पद्धतीत तारेचा पट्टा ४.३ किलोहर्ट्झच्या २५६ बारीक कप्प्यांत वाटला जातो आणि जो कप्पा खराब असेल त्याच्यावर कमी डेटा टाकला जातो. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट अशी व्याख्या होती. आज तो वेग कुणी दारात उभा करणार नाही, पण सांगली-साताऱ्यातल्या घरात डायल-अपचा खरखराट थांबून इंटरनेट चोवीस तास चालू राहिलं ते याच जोडीमुळे. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की मॉडेमचा दिवा लुकलुकू लागायचा. मग लाइनमन पिलर, म्हणजे रस्त्याकडेची तारांची पेटी, उघडून दुसरी जोडी शोधायचा. चांगली जोडी शिल्लक असणारा पिलर हा तेव्हा त्या भागाचा मोठा आधार होता.

तांब्याची जागा आता फायबर घेतं आहे. ब्रिटनमध्ये जुनी टेलिफोन यंत्रणा जानेवारी २०२७ अखेर बंद करायचं ठरलं आहे, आणि तिथल्या घरांतली एक्स्टेन्शनची तार अमेरिकेसारखीच मोकळी होते आहे. आपल्याकडे फायबर फ्लॅटच्या दारापर्यंत आलं, राउटर दारामागच्या भिंतीवर टांगला गेला, आणि आतल्या बेडरूमपर्यंत सिग्नल पोचवायला मधे आरसीसीचे खांब आणि विटांच्या भिंती आहेत. लाकडी सांगाड्याच्या अमेरिकन घरापेक्षा हा अडसर कितीतरी जड.

पण भारतीय फ्लॅटला एक मोठी सोय आहे. अमेरिकेत तार लाकडी खांबांना पिना मारून ठोकलेली असते. ती ओढून निघत नाही. आपल्याकडे गेल्या दोन-तीन दशकांतल्या बहुतेक इमारतींत टीव्ही आणि टेलिफोनच्या पॉइंटसाठी भिंतीत पीव्हीसीचे पाइप पुरलेले आहेत. तिथली दोन जोड्यांची टेलिफोनची वायर नेटवर्कला कामाची नाही, पण ती पाइपात आरपार गेलेली आहे. तिच्या टोकाला नवी कॅट ६ केबल पक्की बांधायची, सांध्यावर चिकटपट्टी गुळगुळीत गुंडाळायची, आणि एकाने पलीकडून हळूहळू ओढायचं, दुसऱ्याने अलीकडून सोडायचं. पाइपाला काटकोनी वळण असेल तिथे केबल अडते; जोर न लावता थोडं मागे घेऊन पुन्हा ओढावं लागतं. केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना ते विचारावं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल दुकानात ‘सीसीए’ म्हणून मिळते आणि ती सांध्याशी मोडते. विजेच्या वायरचा पाइप जवळचा वाटला तरी त्यातून नेटवर्कची केबल नेऊ नये.

मोठ्या हाउसिंग सोसायट्यांत आणखी एक तार पडून आहे: इंटरकॉमची. गेटपाशी ईपीएबीएक्स, म्हणजे सोसायटीचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, तिथून डक्टमधून वर गेलेली अनेक जोड्यांची केबल, आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये एक जोडी. पाहुणा आल्याचं आता मोबाइल अॅपवर कळतं, त्यामुळे अनेक ठिकाणी इंटरकॉमचे फोन मुके झाले आहेत. नव्या केबलसाठी डक्टमध्ये जागा उरलेली नसते आणि गच्चीवरून लोंबत्या वायरींना सभासदांचा विरोध असतो. हॉटेलांनी असाच पेच जुन्या जोड्यांवर डीएसएल चालवून सोडवला: तळमजल्यावर एक सामायिक यंत्र, प्रत्येक खोलीत एक मॉडेम. जी डॉट एचएन ची इमारतींसाठीची यंत्रंही एका जोडीवर चालतात. गेटवरचा कॅमेरा, पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारं यंत्र, क्लब हाउसमधलं वाय-फाय, एवढ्या कामांना ती जोडी पुरेशी आहे. असा विचार करणाऱ्या कमिटीने आधी ईपीएबीएक्सपाशी लावलेली फ्रेम उघडून पाहावी. कोणत्या जोडीवर कोणता फ्लॅट, याच्या चिठ्ठ्या तिथे चिकटवलेल्या असतील तर निम्मं काम झालं. नसतील तर टोनर, म्हणजे तारेत सूर सोडून जोडी ओळखायचं यंत्र, घेऊन एक माणूस फ्रेमपाशी आणि एक माणूस मजल्यावर, असा सारा दिवस जातो. त्या दिवशी काढलेली यादी फ्रेमच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावून ठेवावी.